आप्पासाहेबांच्या ट्रॉलीचे आठ बोल्ट

मी, मुक्ताबाई झुंबर बनसुडे, वय चौसष्ट, धंदा ट्रॉली दुरुस्ती, राहणार पळसदेव, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहवून देते. सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका. म्हणायला त्यांचं काय जातं? माझं अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून मी सांगते आणि सूनबाई रेश्मा लिहिते.

कलम १. राहतं घर आणि रस्त्यालगतचं वर्कशॉपचं शेड माझा एकुलता मुलगा यशराज यास मिळावं. शेडचा पत्रा गळतो, तो त्यानंच बघावा. मी सहा वर्षं सांगून थकले.

कलम २. बँकेतली ठेव नात प्रगती हिच्या शिक्षणासाठी. तिनं काय शिकायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं.

कलम ३. वेल्डिंग मशीन, सर्व पाने आणि ठरलेल्या जोरावर 'टक्' वाजणारा टॉर्क पाना रेश्मा हिला. यशराजला नाही. तो साध्या पान्याला पाइप घालून लोंबकळतो. आखूड बोल्ट बसतोय की, मग एवढा लांब आणि त्याखाली जाड बुशाची नळी कशाला, म्हणून मला हसतो.

कशाला ते इथं लिहून ठेवते, कारण हे मला माझ्या मालकांनी, यशराजच्या वडलांनी, शिकवलं आणि ते आता नाहीत. बोल्ट आवळला की केसभर ताणतो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीनंच दोन प्लेटा एकमेकींना धरून राहतात. तेवढ्याच जोरात लांब बोल्ट जास्त ताणतो, म्हणून पुढं प्लेट जरा दबून बसली तरी त्याच्यात ओढ उरते. आखूड बोल्ट मुळातच थोडा ताणलेला असतो. तेवढंच दबलं की त्याची ओढ संपली.

कलम ४. हे सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगते. खंडेनवमीला सोमेश्वरनगरच्या आप्पासाहेब सोरटे यांची ट्रॉली पूजेच्या वेळेला द्यायची होती. ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीची प्लेट नवी केली होती. सणाला उठून दिसावी म्हणून मीच आतून-बाहेरून लाल रंग फासला होता आणि तो वाळला नव्हता. लांब बोल्ट संपले होते. यशराजच्या डब्यातले आठ आखूड घेतले आणि ओल्या रंगावरच आवळले. टक् वाजलं. तेव्हा बरोबरच वाजतं, रंग नंतर दबतो. वर हळदकुंकू वाहिलं आणि पेढा खाल्ला.

तीस वर्षं लोकांना ज्यावरून फाडून खाल्लं, तेच मी केलं. यशराजला सांगितलं नाही, तो हसला असता. तेव्हापासून फोन वाजला की आधी आप्पासाहेबांचा नंबर आहे का ते बघते. त्याच ट्रॉलीतून आष्टीकडची ऊसतोड टोळी येते, बायकापोरं सामानावर बसलेली असतात. तरी माझ्या मृत्यूनंतर विनाविलंब सदर आठ बोल्ट काढावेत, रंग खरवडावा, बुशासह लांब बोल्ट घालावेत आणि आप्पासाहेबांची माझ्या वतीनं माफी मागावी.

इथं रेश्मानं लिहायचं थांबवलं. म्हणाली, "आत्या, ह्ये तुमी गेल्यावर वाचायचं. आन् ऑपरेशन नीट झालं, तर?"

मी तिच्याकडं आप्पासाहेबांना लावायला फोन मागितला.

कलम ५. कलम ४ मधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द रद्द समजावेत. आप्पासाहेबांनी फोनवर जे ऐकवलं ते कायद्याच्या कागदात बसत नाही, पण मला ते लागू आहे. ट्रॉली टोळी घेऊन भिगवणजवळ आली होती. त्यांनी ड्रायव्हरला सांगून ती जागेवर उभी केली. आम्ही तिघंही गेलो. माणसं खाली उतरवली, यशराजनं जॅक लावला आणि रेश्मानं आठही बोल्ट बदलले. यशराज एकदाही हसला नाही. तेच मला सोसलं नाही, मी रस्त्याकडेला बसून रडले.

बाकी कलमं आहेत तशी राहतील. कलम ४ खोडू नये. माझ्यामागं शेडात जो कोणी काम शिकायला येईल त्याला ते वाचून दाखवावं.

लिहून देणार: मुक्ताबाई झुंबर बनसुडे (सही)

साक्षीदार १: मनिषा दगडू नगरे, पळसदेव (सही). बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: आप्पासाहेब सोरटे, सोमेश्वरनगर (सही). माझ्या हातानं लिवतो. वहिनी शुद्धीवर हायत. त्या आठातले दोन बोल्ट पान्याबिगर, नुसत्या बोटानं फिरले, ह्ये मी बघितलं. ट्रॉलीत सतरा माणसं हुती, त्यातली पाच ल्हानी.

स्थळ: पळसदेव. दिनांक: ३० ऑक्टोबर २०२५.