हेतू अपुरा

२ मार्च

या वहीचे प्रयोजन प्रारंभीच नोंदवतो. मला एकच विधान सिद्ध करावयाचे आहे : माझी मुलगी निष्काळजी नव्हती. चौकशी अहवालाचे सातवे कलम याच्या उलट सांगते. नोव्हेंबरात, जंगलवाटेने सायकलवरून कामावर जाताना, बिबट्याने तिच्यावर मागून झडप घातली. ती थांबली नाही, उतरली नाही, तिने वळून पाहिले नाही. वाटेच्या तोंडाशी लावलेल्या सूचना तिला ठाऊक होत्या. ‘सबब मृत व्यक्तीचा निष्काळजीपणा’. मी चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. ‘सबब’ दिसला की त्याच्या अलीकडची वाक्ये तपासायची, ही सवय निवृत्तीने जात नाही.

प्रवास उत्तम झाला. तिच्या दोन खोल्या माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ उजेडाच्या आहेत. सकाळचे ऊन थेट ओट्यावर येते. खिडकीत पत्र्याच्या डब्यांतून रोपे लावलेली आहेत आणि प्रत्येक डब्यावर तिच्या अक्षरात तारीख आहे. ती रोपवाटिकेत काम करीत असे. चार महिने खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी रोपांना पाणी घातले. भाडेकरूंना मी पाणी पाजते ते असं, असे त्या म्हणाल्या. जिन्याखाली तिची सायकल त्यांनी पुसून ठेवली आहे. मी ती चालवणार म्हटल्यावर त्यांनी विचारले की आजोबा, हाडं मोजून आणलीत ना, परत नेताना कमी भरायला नकोत.

मी मोठ्याने हसलो. नोव्हेंबरानंतर प्रथमच, म्हणून नोंद.

३ मार्च

सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ब्रेकचे रबर बदलले, साखळीला तेल दिले आणि सीट दोन बोटे खाली घेतली. ती माझ्याहून उंच होती हे मला अशा रीतीने कळले. त्याचे म्हणणे असे की गाडीला वाट पाठ आहे. काकांनी फक्त वर बसावे, मध्ये मध्ये अक्कल लावू नये. सीटखालच्या पिशवीत निघालेल्या वस्तू : टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पंक्चरचा डबा, एक पाना, चार घड्या घातलेला एक कागद. कागद खाजगी आहे. त्याचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध नाही.

दुपारी वनरक्षक बाईंना भेटलो. तरुण, स्पष्टवक्त्या. त्यांनी मला पाटीसमोर उभे केले आणि घोकून घ्या सर, परीक्षा तोंडीच होते, असे सांगितले. सूचना चार आहेत. प्राणी दिसल्यास थांबा. उतरा. सायकल त्याच्या व तुमच्या मध्ये धरा. मागे काही असल्याचा संशय आला तरी हेच करा : वळा आणि त्याला तोंड दाखवा. बिबट्या पाठीवर येतो, तोंडावर सहसा येत नाही, असे त्या म्हणाल्या. तो बिबट्या डिसेंबरात पिंजऱ्यात सापडला आणि दूर नेला गेला. तेव्हापासून वाट खुली आहे.

५ मार्च

आज प्रथम वाटेने गेलो. घरापासून रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत साडेपाच किलोमीटर. सव्वासातला निघालो. पहिला टप्पा सपाट. पुढे ओढ्यांवरच्या दोन मोऱ्या. दुसऱ्या मोरीनंतर तीनशे पावलांची सरळ वाट आणि तिच्या टोकाला उतार. तिचे जे झाले ते त्या सरळ वाटेच्या टोकाशी झाले. गुडघे कुरकुरले, पण उतारावर वारा कानांत शिरला तेव्हा मला पोरकट म्हणावी अशी मौज वाटली.

दुसऱ्या मोरीपाशी हरणी आणि तिचे पाडस उभे होते. मी नियमाप्रमाणे थांबलो, उतरलो, सायकल मध्ये धरली. हरणी पळाली नाही. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. तिची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून मागे, साधारण एका हाताच्या अंतरावर, स्थिर होती. मी वळून पाहिले. वाट रिकामी होती.

७ मार्च

तिचे कपडे आवरण्यास घेतले आणि थांबलो. त्याऐवजी आमच्या घरची एक पद्धत येथे लिहून ठेवतो.

आमच्या घरी कोणतीही मागणी किंवा तक्रार तीन ओळींत, लेखी करावी लागे. पहिली ओळ प्रतिज्ञा, म्हणजे काय सिद्ध करायचे, दुसरी हेतू, म्हणजे कारण, तिसरी उदाहरण. मी लाल शाईने शेरा मारून कागद परत करी. तिला मी शंकाबाई म्हणत असे, कारण कोणताही निकाल तिला एका फटक्यात मान्य होत नसे. आठव्या वर्षी तिने दिलेला अर्ज मला तोंडपाठ आहे. प्रतिज्ञा : कुत्रा आणावा. हेतू : मला एकटं वाटतं. उदाहरण : काल.

मी लिहिले, ‘हेतू अपुरा’. तिने अकरा वेळा फेरअर्ज केला. दर वेळी हसत यायची.

कुत्रा आला नाही.

८ मार्च

तीन दिवसांत ससा एकदा, सात पिलांसह रानडुकरीण एकदा. दोन्ही प्रसंगी अंतर वीस पावलांहून कमी. सशाने मान वर करून माझ्या मागे पाहिले. डुकरीण पिलांना घेऊन बाजूला झाली, पण मी पुढे गेल्यावरही ती थांबूनच राहिली, जणू अजून कुणी जायचे होते. तीन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही. प्राण्यांची नजर हा पुरावा नव्हे. हे वाक्य मी पूर्वी कुठे तरी लिहिले आहे.

दर वेळी वळून पाहिले. दर वेळी वाट रिकामी.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. ती म्हणाली, तुम्हाला तिची कपाटं आवरायला पाठवलं होतं, निकाल लावायला नाही. माझ्या तेराव्यालासुद्धा तुम्ही मुद्देसूद बोलाल, असेही म्हणाली. मी तिला हरणीचे सांगितले नाही.

१० मार्च

महत्त्वाचा दिवस. वनरक्षक बाईंनी घटनास्थळाची छायाचित्रे दाखवली. धुळीत सायकलच्या चाकाची रेघ आहे. ती दुसऱ्या मोरीपासून तीनशे पावले सरळ जाते. तिच्या डाव्या अंगाने, मोरीपासूनच, बिबट्याची पावले आहेत. पळणाऱ्याची रेघ अशी नसते, सर, असे बाई म्हणाल्या. घाबरलेला माणूस गाडी वेडीवाकडी घालतो, पाय घसरतो, माती उडते. ही रेघ पट्टीने आखल्यासारखी आहे. वेगही एकच.

म्हणजे ती पळाली नाही. अर्धे विधान सिद्ध झाले.

त्याचबरोबर हेही सिद्ध झाले की तिला ते ठाऊक होते. हाताच्या अंतरावर, तीनशे पावले. श्वास ऐकू आला असणार. आणि तिने मान वळवली नाही.

बाईंनी चित्रातल्या रेघेवर बोट ठेवले. मग त्यांनी विचारले, कुणी तिला सांगितलं होतं का हो, मागे बघू नको म्हणून? मी म्हणालो, हा प्रश्न उत्तर गृहीत धरून विचारलेला आहे. त्या म्हणाल्या, बरं, राहिलं.

चहा न घेता परतलो.

१२ मार्च

आज उतारावर पुढचे चाक खड्ड्यात गेले. मी पडायला हवे होते. एकाहत्तर वर्षांचा मनुष्य, तो वेग, तो कोन. पडलो नाही. सायकल सरळ झाली. सीट मागून कुणी धरल्यासारखी.

ती सहा वर्षांची असताना मी असाच तिच्यामागे धावत असे. सीट धरून. मागे पाहू नकोस, तोल जातो, मी धरलंय, असे म्हणत. आणि मग हात सोडून दिला होता. ती सरळ गेली. कितीतरी लांब, एकटी, सरळ. मला अभिमान वाटला होता.

वळून पाहिले. धूळ होती.

१३ मार्च

कोल्हा. भर वाटेत. माझ्या मागे पाहत शेपूट पायांत घेऊन बसला. आज मी वळून पाहिले नाही. का, हे मला नीट मांडता येत नाही. वळलो आणि वाट रिकामी निघाली, तर—

तिच्या आईचा फोन. तिने एकदम विचारले, तिचं शेवटचं पत्र तुम्हाला आलं होतं ना? काय होतं त्यात? मी म्हणालो, नेहमीचेच. ती म्हणाली, तुम्ही नेहमीचंच उत्तर दिलंत का? मग ती रडत राहिली.

१४ मार्च

वनरक्षक बाई घरी आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या. माझ्यासाठी जुनी छायाचित्रे बाहेर काढली तेव्हा त्यांनी ठशांची पुन्हा मापे घेतली. पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याचा पंजा धुळीतल्या ठशाहून एक बोट लहान. तो नव्हता. उद्यापासून वाट बंद. माझी शपथ आहे तुम्हाला, जाऊ नका, म्हणाल्या. घरमालकीणबाईंनी सायकलला कुलूप घातले. आजोबा, आता हाडांची थट्टा नाही, म्हणाल्या.

किल्ली त्यांच्या दाराशी खिळ्यावर आहे.

मागे जे आहे ते एक तर तो आहे किंवा ती आहे. तिसरा पक्ष नाही.

रोज माझी पाठ त्याच्याकडे होती. मग आजवर का नाही— हात धरणारा प्राणी नसतो. सीट धरणारा—

हेतू अपुरा. ठाऊक आहे.

१५ मार्च

दिवसभर खोलीत. खिडकीतली रोपे सगळी एका बाजूला कलली आहेत. उजेडाकडे नव्हे. दाराकडे.

जिन्यात पाऊल नाही. पण जिन्याखाली सायकलची घंटा. एकदाच. हलकी.

तिला घंटा वाजवायला आवडे.

१६ मार्च

खिळ्यावरची किल्ली घेतली. वाट बंद करायला बांधलेल्या दोरीखालून सायकल काढली. दुसऱ्या मोरीशी उभा आहे. सायकल स्टँडवर, वही सीटवर. पाठ वाटेकडे. ऊन चांगले आहे. समोर हरणी. पाडस नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे—

अजून एक पुरावा नोंदवायचा राहिला आहे. तो पहिल्या आठवड्यापासून माझ्याजवळ आहे. मी तो दडवला. पिशवीतला कागद. तिचे शेवटचे पत्र, मीच शेरा मारून परत पाठवलेले. जसेच्या तसे उतरवतो.

प्रतिज्ञा : बाबा, वाटेवर माझ्या मागे कुणीतरी असतं.
हेतू : प्राणी माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या मागे बघतात.
उदाहरण : हरणी. ससा. डुकरीण. (हसू नका. काय करू ते सांगा.)

खाली लाल शाईत, माझे अक्षर : ‘प्राण्यांची नजर हा पुरावा नव्हे. हेतू अपुरा. मागे पाहू नये, तोल जातो. पुढे पाहून एका वेगाने जावे.’

तिने तो कागद सीटखाली ठेवला. रोज बरोबर नेला. पाटीवरच्या चारही सूचना तिला पाठ होत्या. त्यांच्यावर तिने माझी पाचवी मानली.

विधान सिद्ध झाले. माझी मुलगी निष्काळजी नव्हती. ती आज्ञाधारक होती. अहवालाचे सातवे कलम दुरुस्त करावे. दोष पुढीलप्रमाणे लिहावा :

तिने मला काय करू म्हणून विचारले, आणि मी तिचा कागद तपासला. ही माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही.

सही : तिचा बाप

हरणी गेली. उडी मारून नव्हे, मागे सरत सरत.

श्वास आहे. डाव्या अंगाला. एका हातावर. गरम. ओलसर.

सीट हलते आहे. वहीखाली. कुणी धरले की हलते तशी— किंवा माझाच हात—

आता वळतो. पाटीवर लिहिले आहे तसे. तुला मी सांगायला हवे होते तसे. तोंड दाखवतो.

शंके, तू असशील तर सोडू नकोस, आणि तो असेल तर निदान मी एकदा तरी मागे