चुगलखोर झाडाखालची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी अंगठा उठवणार असलेली बाई, या अ‍ॅव्होकॅडोच्या बागेची मालकीण, असे लिहून ठेवते, म्हणजे वकीलबाईंकडून लिहवून घेते, की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणतात. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. या घरात आजवर जी काही जबरदस्ती झाली, ती माझीच. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हा कागद साक्षीदारांसमोर मला मोठ्याने वाचून दाखवायचा आहे. गाळलेला शब्द मला कळतो, हे वकीलबाईंनी ध्यानात ठेवावे.

मला दोन मुले: थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. ज्यांना मिळायचे त्यांनी लिहिताना समोर बसू नये म्हणे, म्हणून दोघांना आत्ता बागेच्या कोपऱ्यातल्या झाडाकडे पाठवले आहे. जाताना थोरल्याच्या हातात पांढरी थाळी दिली आणि धाकटीच्या हातात भिंग. कशासाठी, ते पुढे येईल.

कलम १. राहते घर थोरल्याला आणि सुनेला. सुनेला एकच अट: झाडांखालचा वाळका पाला झाडायचा नाही. तिला स्वच्छतेची भारी हौस. अंगण आरशासारखे ठेवावे, माझी ना नाही. पण बागेतला पाला हा कचरा नव्हे. फुलकिडे वाढता वाढता झाडावरून खाली उतरतात, तेव्हा त्यांना गट्ट करणारे त्या पाल्यात टपून बसलेले असतात. आपण पाला झाडला की त्या बिचाऱ्यांचे घरही गेले आणि जेवणही.

कलम २. फळे भरायची शेड आणि तिच्यावरची खोली धाकटीला. ती तिथेच राहते आणि सुखाने राहते. तिने लग्न केले नाही याबद्दल माझ्या नणंदेने आयुष्यभर जी काळजी वाहिली, ती मी नणंदेला साभार परत करते.

कलम ३. बँकेतली ठेव दोघांना सारखी. कानातली नातीला. तिने ती मोडून काहीही घ्यावे, मला येऊन विचारू नये.

कलम ४. कीटकनाशकांचे दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना त्यांची सगळी कॅलेंडरे परत. दरवर्षी ते एक नवे आणून भिंतीला लावत आणि फवारणीच्या तारखांवर लाल गोल काढून देत. मला तारखा वाचता येत नाहीत, किड्यांनाही येत नाहीत, त्यामुळे त्या लाल गोलांशी आमचे दोघांचेही कधी जमले नाही. कॅलेंडरावरचे डोंगर मात्र सुरेख असत. डोंगरांबद्दल त्यांचे आभार.

कलम ५. आता बाग. बागेच्या मधोमध पाण्याचा मोठा पाइप जातो. त्याच्या वरची बाजू थोरल्याला, खालची धाकटीला. अशी वाटणी मी मनापासून करते आहे असे कोणी समजू नये. दोघांनी वेगवेगळे येऊन, वेगवेगळ्या दिवशी, हेच मागितले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचे एकमत झाले आणि तेही वेगळे होण्यावर.

भांडण कशाचे ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मीठमसाला लावायला नको. एका वर्षी थोरल्याने घाईने सगळ्या बागेवर जालीम औषध मारले. फुलकिडे मेले, पण त्यांना खाणारेही मेले, आणि मागून पानांचा रस शोषणारा लाल कोळी असा माजला की पाने गळून झाडे उघडी पडली. पुढच्या वर्षी धाकटी म्हणाली थांबू, आणि थांबतच राहिली. फुलकिड्यांनी कोवळी फळे खरवडली, साल मगरीच्या पाठीसारखी झाली. व्यापारी आला, एक फळ उचलले, ठेवले आणि चहा पिऊन गेला. म्हणजे तो एकदा चुकला, ती एकदा चुकली, हिशेब मिटला. पण मिटवतो कोण?

तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात. "आई, तिला सांग, मोटर मी लावलीये." "आई, त्याला सांग, मला दिसतंय." एकाच टेबलाशी बसून! मधे मी, घरच्या फोनसारखी. हे काम या मृत्युपत्राने मी कोणालाही देत नाही. सुनेने तर आधीच सांगितले आहे, "आई, तुमच्यानंतर हे मला जमायचं नाही." बरोबर आहे तिचे. मी गेल्यावर पाइपाच्या वरच्या बाजूला औषध उडेल, खालच्या बाजूचे मित्रकिडे मरतील, आणि कोणी कोणाला सांगणार नाही. मला मरणाची भीती नाही, निवांत झोपेन. मधे एवढा एक खडा टोचतो.

कलम ६. कोपऱ्यात, फाटकाशी उभे असलेले झाड. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा अ‍ॅव्होकॅडो खाल्ला तेव्हा तोंड वाकडे केले आणि बी मात्र खिशात घालून आणली. तिचे हे झाड. फळ पाणचट, तेही चारदोन. पण रस्त्याची धूळ याच्यावर, ऊन याच्यावर, त्यामुळे बागेत येणारी प्रत्येक कीड आधी याच्याकडे उतरते. सगळ्या बागेच्या आधी हे झाड आपल्याला सांगते, म्हणून त्याचे नाव चुगलखोर. फांदीखाली पांढरी थाळी धरायची, फांदीवर थापटी मारायची, थाळीत काय पडले ते भिंगातून बघायचे. आमचे हे औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरे वाचायचे आणि मी झाड, असा आमचा संसार झाला. चांगला झाला.

ट्रकला वळायला जागा नाही म्हणून थोरल्याला हे झाड तोडायचे आहे. ट्रकचे खरे आहे. म्हणून फाटक सरकवावे. चुगलखोराला हात लावू नये. थाळी थोरल्याला आणि भिंग धाकटीला ठेवते आहे.

इथवर लिहून झाले आणि दोघे परत आले. वकीलबाईंनी पेन ठेवले. मी म्हटले, लिहीत राहा.

धाकटी दारातूनच म्हणाली, "आई, भिंगं बाजारात मिळतात. आणि थाळ्यासुद्धा."

"मग आणली का नाहीस आजवर?"

थोरल्याने थाळी माझ्यापुढे ठेवली. "फुलकिडे आलेत. पण त्यांना खाणारे मित्रकोळीही आहेत, भरपूर. मी हिला म्हटलं, आठवडाभर फवारायला नको."

"आणि मी म्हटलं, आठवडा फार होतो," धाकटी म्हणाली. "फळं बोराएवढी आहेत. परवा परत बघू. किडे वाढले असले तर मार औषध, पण फक्त रस्त्याकडच्या ओळींवर, आणि ते सौम्यवालं."

"तू मला मार म्हणून सांगतेस?"

"पूर्ण ऐकशील का, दादा?"

मग रस्त्याकडच्या ओळी नेमक्या कुठपर्यंत, यावरून जी जुंपली ती जुंपली. आवाज ऐकून सून चहा ठेवायला आत आली. वकीलबाईंनी मला हळूच विचारले, "आजी, भांडण पण लिहू?"

"भांडण राहू द्या. 'मी हिला म्हटलं' एवढं लिहा."

मग मी दोघांना विचारले, "पाइपाच्या वर कोण आणि खाली कोण, ते एकदा पक्कं सांगा. कागद अडलाय."

धाकटी म्हणाली, "रस्त्याकडच्या ओळी पाइपाच्या दोन्ही बाजूंना आहेत, आई. वाटणी कशी करणार?"

"ते मला काय विचारतेस? याला विचार."

तिने विचारले. तो म्हणाला, "नको करूया."

कलम ७. कलम पाच रद्द. ते खोडू नये, तसेच राहू द्यावे, म्हणजे पुढे कोणाला हुक्की आली तर वाचता येईल. संपूर्ण बाग दोघांची, एकत्र, न वाटता. चुगलखोराखाली दोघांनी मिळून थाळी बघितल्याशिवाय बागेत औषधाचा थेंब उडवायचा नाही. एकाने बघून दुसऱ्याला निरोप धाडला तर ते बघणे धरले जाणार नाही.

साक्षीदार म्हणून मोहोराच्या वेळी बागेत पेट्या ठेवणारा मधवाला आणि छाटणीवाली बाई यांनी सह्या केल्या आहेत. दोघांना काहीतरी ठेवायचे मनात होते, पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे. सहीने त्यांचे नुकसान झाले, त्याबद्दल आत्ताच चहा घेऊन जावा.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: फळ बोराएवढे असतानाचा मंगळवार. कचेरीला चालेल अशी तारीख वकीलबाईंनी शिक्क्याने उठवली आहे.

अंगठा: डावा. (उजव्याने आत्ताच थाळीतला एक फुलकिडा चिरडला.)

साक्षीदार:
१. मधवाला (सही)
२. छाटणीवाली (सही)

वकिलांची नोंद: वरील मजकूर आजींना साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना "मी हिला म्हटलं" यातला "हिला" हा शब्द माझ्याकडून राहिला. आजींनी थांबवले. ते वाक्य पुन्हा, सावकाश वाचायला लावले. त्यानंतर अंगठा उठवला.