न्हाणीघरातलं इंजिन

कोराडी,
रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

प्रिय शोभा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. श्रीधररावांना बल्लारशाला क्वार्टर मिळालं हे वाचून फार बरं वाटलं. आईच्या तेराव्यानंतरचं हे तुझं पहिलं मोठं पत्र, म्हणून तीनदा वाचलं. दोन खोल्या, दारात कडुलिंब, सगळं छान. फक्त न्हाणीघराच्या फरशीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आहे आणि विटकरीनं घासून घासून तुझे हात गेले, असं लिहिलंस. आईचं ते वाफेचं इंजिन अजून आहे का, त्याचा खरंच उपयोग होतो का, असेल तर कोणासोबत पाठवा, असंही लिहिलंस. आहे. मी ते पुसून, सुतळीनं बांधूनही ठेवलं होतं. उपयोगाचं मात्र सावकाश सांगावं लागेल. चार दिवस झाले, पत्राला बसतो आणि उठतो.

ते कसं झालं तुला नीट माहीत नसेल, कारण तुझं लग्न होऊन तू गेलीस त्याच वर्षीची गोष्ट. आईचा दमा उमरेडचा, माहेरच्या हातमागावरच्या सुताच्या कसपटांतून आलेला. इथे वीजकेंद्राची राख आणि कोळशाचे ट्रक. त्यात ती न्हाणीघर ॲसिडनं धुवायची आणि मग संध्याकाळभर उशीला टेकून बसायची. मी एक दिवस बाटली उचलून नालीत रिकामी केली आणि सांगितलं, या घरात ॲसिड येणार नाही. जुना कुकर घेतला, शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवली, आमच्या प्लांटमधल्या कवडूनं लेथवर पितळेची तोटी करून दिली. स्टोव्हवर कुकर, नळी न्हाणीघरात, आणि फस्स करून वाफ. आई पदर तोंडाला लावून हसली. इंजिन हे नाव तिनंच ठेवलं.

आता तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. वाफेनं साबणाचा चिकटा सुटतो, तेलकटपणा जातो, कोपऱ्यातलं शेवाळ निघतं आणि वासही जातो. पण त्याला अर्धी बाटली घासलेट लागतं, पाणी उकळायला वीस मिनिटं जातात, आणि हात भाजतो तो वेगळाच. तेवढ्यात ब्रश आणि सोडा घेऊन दोन न्हाणीघरं होतात. आणि तुझा तो पांढरा थर वाफेनं निघत नाही. अजिबात नाही. अठरा वर्षं मी बॉयलरवर काढली. आमच्या नळ्यांत आतून हाच थर बसतो, चोवीस तास वाफ खेळते त्या नळ्यांत, आणि काढायचा झाला की प्लांट बंद करून ॲसिडच फिरवावं लागतं. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. घरी मात्र कळलं नाही, कारण घरचं इंजिन मी केलेलं होतं.

पहिल्या रविवारी तास-दीड तास वाफ मारून झाल्यावर आई वाकून बघत हळूच म्हणाली, पांढरं काही निघून नाही राहिलं जी. एवढंच. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी नळी टाकली आणि दोन वेळा जेवलो नाही. सोमवारी डबाही न घेता ड्यूटीवर गेलो. पुढच्या रविवारी वाफ मारली तर फरशी अशी लख्ख की मीच बघत राहिलो. त्यानंतर दर रविवारी तसंच. मग काय, मी सगळ्या कॉलनीला न्हाणीघर दाखवत सुटलो. नागपूरच्या महालातल्या वामनरावांना तर नळीचं मापसुद्धा लिहून दिलं. आई मागे चहाचे कप घेऊन उभी असायची आणि कोणी विचारलं की म्हणायची, हो, वाफेनंच निघते.

खोकला मात्र वाढत गेला. शेवटच्या उन्हाळ्यात नागपूरला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, घरी फिनेल, ॲसिड असं काही वापरता का? तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, नाही साहेब, आमच्याकडे सगळं वाफेवर चालतं. आणि त्यांनाही इंजिनाची गोष्ट सांगितली, रंगवून सांगितली. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ते बोट मला आता सारखं दिसतं. श्रावणात ती गेली. तेराव्याला तू म्हणालीस, बाबा, या राखेनं आई नेली, तुम्ही बदली का नाही घेतली. मलाही राखच वाटत होती.

बुधवारी शेजारच्या इंदुताई आल्या. इंजिन बांधलेलं दिसलं, विचारलं, मी सांगितलं पोरीला पाठवतो आहे. त्या तिथेच ओट्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. म्हणाल्या, भाऊजी, ते पोरीकडे नका पाठवू, त्याच्यानं काही होत नव्हतं. मग सगळं सांगितलं. मी पहिल्या पाळीला गेलो की दर शनिवारी आई त्यांच्या कोळशाच्या पेटीमागे ठेवलेली ॲसिडची बाटली आणायची. वास घरभर पसरू नये, मला कळू नये म्हणून न्हाणीघराचं दार, खिडकी लावून घ्यायची आणि आत बसून घासायची. दुपारी मी यायच्या आत उदबत्ती लावलेली असायची. रविवारी मी साफ झालेल्या फरशीवर वाफ मारायचो. इंदुताईंनी किती वेळा तिला समजावलं. ती म्हणायची, त्यायले सांगू नका, मोठ्या हौसेनं केलं त्यायनं. अडीच वर्षं, शोभा. दर शनिवारी.

तेव्हा आईला नेणारी राख नव्हती, पोरी. मी होतो. आता तुला वाटलं की या माणसाला पत्र लिहू नये, तर मी काही म्हणणार नाही. पण थंडीत तुझ्याही छातीत आईसारखी घरघर वाजते, म्हणून हे लपवता आलं नाही. इंजिन मी आज सकाळी मोडलं. तोटी तेवढी ठेवली आहे. तुझ्या न्हाणीघरातला तो थर तसाच राहू दे, पांढऱ्या फरशीनं कोणी मरत नाही. आणि एक मागणं. उद्या श्रीधरराव हौसेनं तुझ्यासाठी काही करून आणतील, आणि ते कामाचं नसेल, तर तोंडावर सांग. ते रुसतील, दोन वेळा जेवणार नाहीत. उपाशी राहू दे. पण सांग.

तुझेच,
बाबा