तुझ्या पत्रातला मासा

आष्टी, जि. वर्धा
११ ऑक्टोबर १९८४

प्रिय प्रेमदास,

दंडवत. काल तुझं पत्र मिळालं. तीन महिन्यांनी लिहिलंस, तेही चार ओळी. विचारलंस एवढंच, की माशाचं ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं होतं का. आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच ठरवूनही टाकलंस: ताईने वाचलं, बाबांनी त्याचाच धसका घेतला आणि ते गेले. म्हणून आता तू आईला तोंड दाखवायला येणार नाहीस, टोकियोतच आणखी दोन वर्षं राहणार आहेस. लहानपणापासून तुझं हे असंच, निकाल आधी आणि साक्ष नंतर. तर आता साक्ष ऐक. ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाही.

पत्र वाचून दाखवलं, हे खरं आहे. फेब्रुवारीत ते आलं तेव्हा बाबांच्या नाकात नळी घालून महिना होऊन गेला होता. अन्ननलिकेची गाठ वाढलेली. डॉक्टरांनी घरी पाठवताना मला बजावलं होतं, तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, श्वासनळीत जाईल. शाळा सांभाळून मी नळीतून दूध आणि वरणाचं पाणी सोडायची. पानात कधी शीत न टाकणारा माणूस, पण आईने फोडणी टाकली की भिंतीकडे तोंड करून पडायचा. तुझ्या पत्रांची मात्र त्यांना भूक होती. एकेक पत्र चार-चार वेळा वाचायला लावायचे.

आणि तू काय लिहून धाडलंस? मासळीबाजाराजवळचं आठ माणसं मावतील एवढं दुकान, कडाक्याच्या थंडीत बाहेर रांग, वाडग्यात वाफाळता भात आणि त्यावर कच्च्या ट्यूना माशाचे गुलाबी काप. तेही पोटाकडचे, चरबीच्या पांढऱ्या रेघांचे. सोयाबीनचं काळं खारट पाणी, नाकात झणझणणारी हिरवी चटणी. 'ताई, चावावंच लागत नाही गं, जिभेवर ठेवला की विरघळतो,' असं लिहिलं होतंस. एक वाडगा संपवून लगेच दुसरा मागवलास. तीन पानं नुसतं जेवण! आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात, 'बाबांना हे वाचून दाखवू नकोस.' शहाणाच आहेस. मी पाकीट फोडून त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचायला लागले होते. शेवटची ओळ मला आधी कशी दिसणार?

आपल्या महानुभावांच्या घरात कधी अंडंही आलं नाही. मासे खाणाऱ्याच्या घरी बाबा पाणीसुद्धा घेत नसत. 'कच्चा मासा' हे शब्द समोर आले आणि मी तिथल्या तिथे थाप मारली, की तिकडचं एक फळ असतं, आपल्या पपईसारखं. पुढे मासा आला तिथे तिथे पपई वाचली. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं रे. खरं वाचलं असतं तर चिडले असते, महिनाभर तुझं नाव घेतलं नसतं. पण तो महिना त्यांना मिळाला असता.

त्यांच्या डोक्यात बसलं ते चावावं लागत नाही, एवढंच. 'चावा लागत नाई म्हन्ते पोरगा, मंग मले काऊन नाई जानार? भात गिल्ला कर, वरून पपई दे.' तीन दिवस हाच धोशा. मी डॉक्टरांचं सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी ते रडले. आजा गेला तेव्हाही न रडलेला माणूस एका घासासाठी रडला, आणि माझं धैर्य सुटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आई बाजाराला गेली. मी परसातली पपई उतरवली, तुझ्या पत्रात होते तसे पातळ काप केले, वाडग्यातल्या भातावर मांडले आणि बाबांना टेकून बसवलं.

पहिला घास गेला. खरंच गेला रे. दुसऱ्याला ठसका लागला. मी पाठ चोळली, कुशीवर वळवलं, बोट घालून पाहिलं. शेजारी हाक मारायलाही उसंत मिळाली नाही. मग मी त्यांचं तोंड पुसलं, वाडगा धुतला, पपईची सालं उकिरड्यात पुरली. आई परत आल्यावर सांगितलं, झोपेतच गेले. तुला तारेतही तेच कळवलं. सारं गाव म्हणतं, अण्णाजी सुखानं सुटले. मी मान डोलावते आणि शाळेत जाते.

तेव्हा पाप असेल तर ते माझं आहे, तुझ्या वाडग्याचं नाही. तू ये. आई रोज पोस्टमनला अडवते. तिला मी हे तुझ्यासमोर सांगेन, एकटीने सांगण्याची हिंमत माझ्यात नाही. पण नुसतं तुला मोकळं करायला हे लिहिलेलं नाही. बाबांनी मला तुझ्यासाठी एक निरोप दिला होता. तो लिहायचा तर बाकीचंही लिहावं लागलं असतं, म्हणून आठ महिने दडवून ठेवला. पहिला घास उतरल्यावर ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, 'प्रेमदासले लिहजो, म्हनाव बाबानं बी खाल्लं. गोड हाय.'

तुझीच,
भागीरथाताई