राऊटरचं बटण

३ ऑगस्ट, रविवार

आजही गेम लागला नाही. चौथा दिवस. प्रशीलने कंट्रोलर भिंतीवर फेकला आणि उचलून द्यायला मलाच, बहिणीला, हाक मारली. दिला. परत फेकला. परत दिला!

बुधवारी वीज कडाडली त्यात जुना राऊटर जळला. केबलवाल्या झुलालभाऊंनी नवा बसवला, तेव्हापासून हे सुरू आहे. बाकी नेट चालतं. माझा फोन चालतो, आईची मालिका चालते. फक्त याचा कन्सोल धुळ्याच्या तिघांना जोडला जात नाही. राजदीप, नीलेश, मयुरी. याच्याच वर्गातले, यंदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हा दुसऱ्या वर्षातच राहिला. मागच्या वर्षी जानेवारीत नशिराबादजवळ गाडी घसरली आणि कमरेखालचं सगळं गेलं.

हात शाबूत आहेत. पाच ते सात कानाला हेडफोन लावून ते चौघे कुठल्यातरी पडक्या शहरात गोळ्या झाडतात. तेवढे दोन तास हा हसतो. उरलेल्या दिवसात माझ्याशी तीन शब्द — पाणी, पंखा, वळव.

वळवणं माझं काम. दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखम होते. आई दवाखान्यात आया आहे, दहाला जाते, साडेसातला येते. मी सकाळी कॉम्प्युटर क्लासवर शिकवून साडेनऊला घरी. मग दिवसभर आम्ही दोघं. पुण्याची नोकरी सोडून आले त्याला दीड वर्ष झालं. सोड असं कुणी म्हटलं नव्हतं. सोडू नकोस असंही कुणी म्हटलं नाही.

४ ऑगस्ट

झुलालभाऊ आले. राऊटर बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. म्हणाले, "ताई, नेट तर बठ्ठं चालू शे. गेमचं मले समजत नही." चहा घेऊन गेले.

प्रशील त्यांच्यासमोर म्हणाला, हिला तरी काय समजतं, मुलांना वर्ड शिकवते.

७ ऑगस्ट

तीन दिवस व्हिडिओ बघते आहे. आता समजलं. घरातल्या सगळ्या वस्तूंसाठी राऊटर एक दार असतं. बाहेरून आलेलं काही तो आत सोडत नाही. कन्सोलला मात्र मित्रांचा आवाज, मित्रांच्या हालचाली बाहेरून आत घ्याव्या लागतात. त्यासाठी राऊटरमध्ये एक बटण असतं — यूपीएनपी. ते चालू असलं की कन्सोल स्वतःच दार उघडून घेतो. नव्या राऊटरमध्ये ते बंदच आलं होतं. चालू केलं.

तरी कन्सोलवर, दार बंद असल्याचं, तेच लाल अक्षरात — "स्ट्रिक्ट".

८ ऑगस्ट

दुसरी भानगड केबलच्या ऑफिसची. अख्ख्या पिंप्राळ्यातल्या कितीतरी घरांना मिळून नेटवरचा एकच पत्ता दिलेला. बाहेरचं पार्सल आपल्या घरी येणार कसं? झुलालभाऊंना चार फोन केले, मग स्वतः ऑफिसात जाऊन बसले. आमच्या घराचा वेगळा पत्ता द्या म्हटलं. तिथला माणूस म्हणाला, मॅडम, असं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. दिला पण!

९ ऑगस्ट, शनिवार

लागला.

पाच वाजून दहा मिनिटांनी "स्ट्रिक्ट" जाऊन "ओपन" आलं. प्रशील ओरडला, "आला! राजा, आवाज येतोय का?" मी दारातच उभी होते. वाटलं, मागे वळून बघेल. मान तर वळते त्याची.

चहा ठेवायला गेले. भिंत पातळ. त्याचं एकट्याचं बोलणं ऐकू येतं, त्यांचं हेडफोनमध्ये राहतं. कुणीतरी विचारलं असावं, कसं झालं रे. हा म्हणाला, "घरचीच टेक्निशियन आहे ना. लग्न जमेना, नोकरी टिकेना — राऊटर तरी सांभाळू दे."

मग हसला. बराच वेळ हसला. म्हणजे तिकडेही हसले असणार.

चहा दिला. साखर बरोबर आहे का, तेवढं विचारलं.

१० ऑगस्ट

पावणेपाचला ओट्याशी उभी राहून फोनवरून राऊटर उघडला आणि ते बटण बंद केलं. बस. निळं होतं, राखाडी झालं.

पाच वाजता आतून आवाज — "ताई!" मी भाकरी थापत होते. दोन थापल्या, भाजल्या, मग गेले.

११ ऑगस्ट

पुन्हा बंद. मी त्याच्या खोलीत स्टूल घेऊन बसले, लॅपटॉप मांडीवर. तासभर "बघितलं". वायर काढून लावली. कपाळाला आठ्या घातल्या. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. दीड वर्षात इतका वेळ पहिल्यांदाच.

"ताई, होईल ना गं?" म्हणाला.

म्हटलं, बघते. प्रयत्न चालू आहे.

१३ ऑगस्ट

आज सव्वापाचला बटण चालू केलं, वीस मिनिटं खेळू दिलं. मग राऊटरच्या यादीत त्याच्या कन्सोलपुढे "ब्लॉक" असं असतं, ते दाबलं. म्हणजे अगदी मधेच कापला. आतून नुसता एक श्वास ऐकू आला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. इथे कोण वाचणार आहे.

१५ ऑगस्ट

आई घरी. पूर्ण दोन तास खेळू दिला. आईसमोर मी चांगलीच असते.

१८ ऑगस्ट

आता तो नीट बोलतो. "पाणी दे" नाही — "ताई, पाणी देतेस का." वळवताना दात ओठ खायचा, ते बंद झालंय. काल क्लासवर कोण कोण येतं विचारलं. सावद्याची एक नवीन बाई येते, नवऱ्याची केळीची गाडी दिल्लीला जाते, तिला बिलं टाइप करायला शिकायचंय, ते सांगितलं. लक्ष देऊन ऐकलं त्याने. तिचं नाव पण विचारलं. दीपमाला.

जे दीड वर्षं सेवा करून झालं नाही, ते एका बटणाने आठ दिवसांत झालं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, हेही लिहून ठेवते.

कधी लावायचा, कधी कापायचा, हे मी सकाळी क्लासवर जातानाच ठरवते. एक दिवस आड तीस मिनिटं. मयुरीचं नाव घेऊन हसला की लगेच कट.

२१ ऑगस्ट

रविवारी त्यांची स्पर्धा आहे. महाराष्ट्रभरातल्या कॉलेजांच्या चौघा-चौघांच्या टोळ्या, सगळं घरबसल्या. प्रशील कॉलेजात नाही, तरी राजदीपने त्याचं नाव घातलं. जुना विद्यार्थी म्हणून चालवून घेतलं. संघाच्या नावातही याचं नाव आहे. प्रशीलने मला ते दाखवलं. फोन पुढे धरला, मी वाचेपर्यंत धरून ठेवला.

"ताई, रविवारी तेवढं नेट बघशील ना?"

रविवारी तेवढं.

म्हणजे नंतर पुन्हा पाणी, पंखा, वळव.

२४ ऑगस्ट, रविवार

आई सकाळीच विहारात गेली, तिथून मावशीकडे. प्रशीलला दाढी करून हवी होती. केली. मरून शर्ट घालून मागितला. कॅमेरा नाही काही नाही, कोण बघणार आहे? तरी घातला.

पहिली फेरी जिंकले. दुसरी जिंकले. मी दोन्ही वेळा पाणी नेऊन दिलं. मान तुकवून "थँक्यू" म्हणाला. तिसऱ्या फेरीत नीलेश आणि मयुरी लवकर मेले. राहिले राजदीप आणि हा. प्रशील एकदम शांत, हळू आवाजात सांगत होता — डावीकडे, जिन्याखाली, थांब, थांब, मी येतो तिकडून.

"मी येतो." पाय आहेत तिथे त्याला.

ब्लॉक दाबलं.

मी मुद्दाम लगेच आत गेले. बघायचं होतं. पडद्यावर गोल फिरत होतं. त्याने हेडफोन काढून छातीवर ठेवला होता. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गेलं वाटतं."

म्हटलं, हो, लाईनच गेली. झुलालभाऊंना फोन करते.

"राहू दे. रविवार आहे, त्यांना कशाला त्रास."

रडेल वाटलं होतं. फेकेल वाटलं होतं. शर्ट काढून दे म्हणाला फक्त.

२५ ऑगस्ट

राजदीपचा फोन आला होता त्याला. पुढच्या फेऱ्यांना योगराज नावाचा कुणी मुलगा घेतलाय. प्रशील म्हणाला, बरोबर केलंत.

मी सगळं चालू करून ठेवलं. बटण निळं, ब्लॉक काढलं. पाच वाजले. त्याने कन्सोल लावलाच नाही.

२८ ऑगस्ट

जेवत नाही. आईने भरलेलं ताट माझ्यापुढे धरलं — "बठ्ठं तसंच शे. काय व्हयनं याले?" मी म्हटलं, गेम बंद आहे म्हणून असेल. ती म्हणाली, तू तर दुरुस्त करस ना.

त्याला सांगितलं, सगळं ठीक झालंय, आता अजिबात जाणार नाही, लाव. बरं म्हणाला. लावला. त्यांच्यातलं कुणी नव्हतं. यादीतली नावं करडी. सातपर्यंत तो त्या करड्या नावांकडे बघत पडून राहिला, आणि मी दारातून त्याच्याकडे.

तरी अजून वाटतंय की त्यालाही कळू दे, कुणी वळून न बघणं काय असतं. हे वाटणं जात नाही.

३० ऑगस्ट

पाठीला लाल चट्टा. रुपयाएवढा. मी एकही वेळ चुकवली नव्हती! डॉक्टर म्हणाले, अन्न पोटात नाही तर कातडी टिकणार कशी. मलम दिलं.

मलम लावताना विचारलं, दुखतं का. म्हणाला, तिथे मला कळत नाही, ताई. माहीत आहे की मला. तरी विचारलं.

१ सप्टेंबर

क्लास सुटल्यावर जिन्यात उभी राहून राजदीपला फोन केला. त्याला सांगायचं ठरवलं होतं की लाईनचा दोष होता, प्रशीलचा नाही, त्याला परत घ्या. मनात सगळं घोकून ठेवलं होतं.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "स्नेहलताई, लाईनचा दोष नव्हता. आम्हाला माहीत आहे."

काय माहीत आहे, विचारलं.

प्रशीलने त्यांना अकरा तारखेलाच सांगितलं होतं. राऊटरचं पान त्याच्या फोनवरही उघडतं, पासवर्ड झुलालभाऊंनी बसवताना त्याच्यासमोरच टाकला होता. बटण बंद दिसलं त्याला. नीलेश म्हणाला, मग तूच चालू कर ना, एका बोटाचं काम आहे. हा नको म्हणाला. ते लोक ओरडले त्याच्यावर, तरी नको म्हणाला. योगराजला तर स्पर्धेच्या आदल्या दिवशीच तयार ठेवलं होतं. प्रशीलनेच सांगितलं होतं, मी मधेच कापला जाईन, कुणीतरी हाताशी असू द्या.

"मग आता कुणी खेळत का नाही त्याच्याशी?" मी विचारलं. आवाज चढला माझा.

"तोच नको म्हणतोय, ताई. तुम्हाला आवडत नाही म्हणतो."

किती वेळ जिन्यात बसले कोण जाणे. खालून मुलं वर येत होती, वाट सोडत होते मी त्यांना.

येताना रिक्षात एकच विचार. त्याला माहीत होतं, आणि तरी मी तासभर स्टुलावर बसायचे ते त्याला हवं होतं. क्लासच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. दीपमालाचं नाव विचारलं होतं. म्हणजे आवडत होतं त्याला माझं बसणं. मोठा झाला माझा भाऊ. मी किती हलकट, आणि तो किती मोठा! पिंप्राळ्यापर्यंत रडतच आले. उद्या आई गेली की पाय धरून माफी मागणार आहे.

२ सप्टेंबर

मागितली. सगळं सांगितलं, चहाच्या साखरेपासून रविवारच्या ब्लॉकपर्यंत. मग विचारलं, एवढं माहीत होतं तर बोलला का नाहीस रे?

छताकडे बघत होता. म्हणाला, "आईच्याने मी उचलला जात नाही. तू चिडून निघून गेली असतीस तर?"

मग अगदी हळू — "आता चिडली नाहीस ना, ताई?"