रताळ्यांची भट्टी, भाड्याचा फेटा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी अजून तुमच्याशी भांडतोच. आज लिहायला बसलोय तेही भांडायलाच. तुमचं बरोबर होतं असं कबूल करेन, या आशेवर राहू नका.

मासळीबाजाराच्या तोंडाशी आपला फोटो स्टुडिओ होता आणि मी सातवीत होतो. सुरमई कापता कापता एक म्हातारी खांदा आणि कान यांच्यात मोबाईल दाबून बोलत होती. तो फोटो मी तुमच्याच कॅमेऱ्यावर काढला आणि धावत दाखवायला आणला. जुनं आणि नवं एकाच फोटोत, मला वाटलं बापाकडून शाबासकी मिळेल. तुम्ही माझ्यासमोर तो कॅमेऱ्यातून उडवलात. ‘‘तिचा मुलगा बोटीवर आहे. त्याच्याशी बोलते ती. यात तुला गंमत कसली दिसली?’’ तुम्ही स्वतः तरी काय काढत होतात अण्णा? पासपोर्टचे फोटो, आणि रंगवलेल्या धबधब्यासमोर उभी केलेली नवराबायको. मला तेव्हाच राग आला होता. तो घेऊनच मी पुण्याला आर्ट कॉलेजला गेलो आणि तो घेऊनच मध्येच सोडून आलो.

खरं तर सोडलं तिच्यासाठी. ती माझ्या वर्गातली, आईवडील शारजाला. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घरी गेली ती परत आलीच नाही. फोनवर म्हणाली, ‘‘तू इकडे आलास तर बघू.’’ त्या ‘बघू’वर मी व्हिजिट व्हिसा काढला. आई रडली, मामा बोलायचा बंद झाला. आता शारजातल्याच हमरिया फ्री झोनमध्ये एका पंख्यांच्या कंपनीच्या गोदामात आहे. अर्धा दिवस माल उतरवतो, अर्धा दिवस कॅटलॉगसाठी पंख्यांचे फोटो काढतो. सगळे मला फोटोग्राफर म्हणतात, पण चेष्टेने.

गेल्या थंडीत मालकाने मला चीनला नेलं, कारखान्यात नव्या मालाचे फोटो काढायला. संध्याकाळी सुटलो की मी रस्त्यात. अण्णा, तिथे जे दिसतं ना, ते काढायला हात शिवशिवतात. काचेच्या टॉवरखाली पायजम्यावर बुद्धिबळ खेळत बसलेले म्हातारे. पिंजऱ्यातला पक्षी फांदीला टांगून, मोठ्या स्क्रीनवरच्या लिपस्टिकच्या जाहिरातीखाली हातपाय हलवणारा एक आजोबा. गल्लीत वाळत घातलेल्या बदकांखाली चार्जिंगला लावलेल्या स्कूटर. मालक ओरडायचा, ‘‘अरे फोटोग्राफर, पंखे के लिए लाया हूँ, बुढ्ढों के लिए नहीं. यल्ला, चल.’’ आणि एक आजी. तेलाच्या पिंपाची भट्टी करून रताळी भाजत होती. मी फोटोसाठी मोबाईल उचलला तर तिला वाटलं मी पैसे भरतोय. तिने गळ्यातला पेमेंटचा क्यूआर कोड पुढे धरला, दोन्ही हातांनी, नीट, काजळी पुसून. मी क्लिक केलं. ती तशीच उभी, पैसे जमा झाल्याचा आवाज कधी येतो त्याची वाट बघत. माझ्याकडे ते ॲप नव्हतं. माझा सगळ्यात चांगला फोटो तो. तुम्ही तोही उडवला असता, माहीत आहे मला.

शारजात तिला तो पाठवला तर तिचं लगेच उत्तर, ‘‘कमाल आहे! मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला ये, सगळे प्रिंट आण. बाबांना दाखवू.’’ बाबांना दाखवू, म्हणजे काय समजायचं माणसाने? मी छान प्रिंट काढून घेतले. पाडव्यालाच नेमका कंटेनर आला. कपडे बदलायला वेळ नाही, ड्रायव्हरने थेट हॉलच्या दारात सोडलं. निळा कव्हरऑल, सेफ्टी शूज, एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात प्रिंटचं पाकीट. दारात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला फेटा बांधत होते. मलाही बांधला, घामासकट. तेवढ्यात कुर्त्यातला एक मुलगा भलामोठा कॅमेरा घेऊन आला. ‘‘भाऊ, असंच थांबा. हेल्मेट जरा छातीशी धरा. हां, परफेक्ट.’’ बायका हसल्या, वाईट नाही, कौतुकानेच. नऊवारी नेसलेली ती माझ्या बाजूलाच होती. तीही हसली.

तिच्या बाबांनी प्रिंट पत्त्यांसारखे चाळले. ‘‘छान आहेत. आमच्या ऑफिसला इव्हेंटसाठी माणूस लागतोच.’’ तिच्या धाकट्या भावाने रताळीवाली बघून विचारलं, ‘‘इज धिस एआय?’’

तो कॅमेरावाला तिच्या घरच्यांतलाच असल्यासारखा वावरत होता. मी तिला चपलांच्या रॅकपाशी गाठलं. ‘‘तो कॅमेरावाला कोण?’’

‘‘सांगणारच होते तुला. अबू धाबीला असतो. साखरपुडा ठरलाय.’’

‘‘मग मला कशाला बोलावलंस?’’

‘‘तुझं काम होईल म्हणून रे. गोदामात किती दिवस काढणार?’’

मी फेटा उपटून चपलांवर फेकला. ती खाली वाकून उचलत म्हणाली, ‘‘अरे, भाड्याचा आहे तो.’’ एवढंच. खलास.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर माझा फोटो. खाली ओळ, ‘परंपरा आणि प्रगती’. लाइकच्या अंगठ्यांची रांग लागली होती, तिचा लाल बदाम पहिला. गोदामात सगळ्यांनी तो बघितला. मालक म्हणाला, ‘‘हीरो लग रहा है, हबीबी.’’ कुणालाच त्यात वाईट काही दिसलं नाही. मलाही दिसलं नसतं, दुसऱ्या कुणाचा असता तर. प्रकाश चांगला, फ्रेम घट्ट, निळ्यावर भगवा. मी कॅमेऱ्यामागे असतो आणि तो माझ्या जागी असता, तर मीही हेल्मेट छातीशी धरायला लावलं असतं. हे तुम्हाला आवडेल, पण तुम्ही तरी अर्धंच सांगितलंत अण्णा. असे फोटो काढू नयेत एवढं सांगितलंत. आपलाच निघाला तर माणसाने काय करायचं, ते सांगायला तुम्ही थांबला नाहीत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. तो फोटो उडवायला मी मोबाईल दोनदा हातात घेतला. नाही उडवला. उजव्या कडेला ती अर्धी कापली गेलीय, नथ आणि एक डोळा फक्त. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. ती माझ्याकडे बघतेय.