माझी मुकी गाठ

दि. ११ मार्च

चि. धाकट्यास थोरल्या बंधूचे अनेक आशीर्वाद.

येथील मंडळी क्षेम आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे. स्वयंपाकघरातील नळ मी स्वतः दुरुस्त केला; आता तो पूर्वीपेक्षा अधिक गळतो.

काल तुझ्या पत्नीचा फोन आला. ती रडत होती. "दादा, औषधाचं नाव काढलं की हे म्हणतात, दादांनी नाकारलं, मग मी कसं घेऊ? आता तुम्हीच सांगा ह्यांना." पानावर बसल्यावर मी पहिला घास घेईपर्यंत तू आजही हात आवरतोस, हे मी जाणतो. परंतु हे जेवण नव्हे.

मी औषध नाकारले, असे तुला कळविले होते. ते असत्य आहे. औषधानेच मला नाकारले.

आपल्या दोघांच्या आतड्यांत रोग एकच, डॉक्टरीणबाईही एकच. त्यांनी मला कागदावर वर्तुळे काढून समजाविले. पेशीच्या आत एक खोली असते. तीत डीएनए नावाचा धागा राहतो. कर्करोगाच्या पेशीत त्या धाग्याचे तुकडे खोलीबाहेर सांडतात. ते भलत्या जागी दिसले, की पेशीतील पहारेकरी बोंब ठोकतो आणि शरीराची फौज धावून येते. नवे औषध त्या बोंबेला जोर देते.

"आजोबा, तुमच्या भावाच्या गाठीत पहारेकरी जागा आहे. तुमच्या गाठीनं त्याला पार गप्प केलंय. जो ओरडतच नाही, त्याचा आवाज वाढवणार कसा?"

मी म्हणालो, "आमचा धाकटा जन्मापासून ओरडण्यात पटाईत आहे."

बाई हसल्या. मी हसलो नाही.

तू भोकाड पसरलेस की नवा सदरा तुला, खिडकीजवळची जागा तुला, पुढची शाळाही तुला. मला चौथीतून काढले, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. लोक म्हणाले, थोरला किती समजूतदार! आता तुझ्या पेशीसुद्धा ओरडून पदरात पाडून घेतात आणि माझ्या मुकाट बसल्या आहेत. तुझा अहवाल चांगला आला, त्या दिवशी मी फोनवर तुझे अभिनंदन केले आणि नंतर जेवलो नाही. वहिनीस पोटाचे निमित्त सांगितले. मला तुझा मत्सर वाटतो. हा शब्द विचारपूर्वक लिहिला आहे, खोडणार नाही.

तथापि माझ्या पोकळ ऐटीपायी तू जीव गमवावास, इतका मी हलका नाही. सोमवारी रुग्णालयात जा. ताप येईल, अंग मोडून येईल. गुण येईलच, असे बाई म्हणत नाहीत; पण तुझ्यासाठी दार उघडे आहे, ते माझ्यासाठी लावून घेऊ नकोस.

माझी समजूत घालावयास मात्र येऊ नकोस. बरा होऊन ये. समोर बस, मोठमोठ्याने बोल, आणि मला मनसोक्त जळू दे. तेवढा अवधी मला मिळावा, एवढेच मागणे आहे.

तुझ्यावर जळणारा, आणि तू जगावेस अशी आज्ञा करणारा,
तुझा दादा